घुणाक्षरे: यंत्राच्या कलाकृतीला अर्थ असतो का?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘अनुकृती’ आणि ‘प्रतिभा’ या दोन शब्दांचा प्रवास पाहिला. आजचा विषय त्याच ओघातला आहे, पण त्याची सुरुवात आपण एका किड्यापासून करू या.

जुने लाकूड पोखरणारा घुण सर्वांना माहीत आहे. आपल्या पंडितांनी त्याच्यावरून एक न्याय बसवला, घुणाक्षरन्याय. किडा पोट भरण्यासाठी लाकूड कुरतडत जातो आणि त्याच्या वाटेवर कधी तरी एखाद्या अक्षरासारखी आकृती उमटते. अक्षर उमटले हे खरे, वाचता येते हेही खरे. पण किड्याने ते लिहिले का? समजा, त्या तुळईवर ‘राम’ अशी दोन अक्षरे उमटली आणि घरातल्या आजीने हात जोडले. आजीची भक्ती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. आणि किड्याने नामस्मरण केले असेही कोणी म्हणणार नाही. या दोन ‘नाहीं’च्या मध्ये जी जागा उरते, तिथे आपला आजचा प्रश्न बसला आहे.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हीच गोष्ट हिलरी पटनम यांनी १९८१ साली मांडली. वाळूवर चालणाऱ्या मुंगीच्या पावलांनी चर्चिलचे चित्र उमटले, तर मुंगीने चर्चिलचे चित्र काढले का? पटनम म्हणतात, नाही. विद्यापीठांतून मुंगी शिकवली जाते, घुण शिकवला जात नाही. आपला घुण त्या मुंगीपेक्षा बराच वडील आहे, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

आता कोणी म्हणेल की आजचे यंत्र म्हणजे घुण नव्हे. बरोबर आहे. घुणाच्या हातून अक्षर योगायोगाने पडते. आजचे यंत्र माणसांनी लिहिलेल्या, रंगवलेल्या, गायलेल्या कोट्यवधी गोष्टी पचवून बसलेले आहे. हा घुण पोथ्या खाऊन मोठा झालेला आहे. त्याच्या अक्षरांत योगायोग कमी आणि आपल्याच वाडवडिलांचे वळण जास्त. म्हणून ‘किड्याला काय कळतंय’ असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. इतिहासात थोडे मागे जावे लागते.

किती मागे? १८४३ पर्यंत. चार्ल्स बॅबेज यांच्या ‘अ‍ॅनॅलिटिकल एंजिन’बद्दल मेनाब्रेआ या इटालियन अभियंत्याने फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. त्याचे इंग्रजी भाषांतर एडा लव्हलेस यांनी केले आणि त्याला स्वतःच्या टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखापेक्षा बऱ्याच मोठ्या झाल्या. हे यंत्र कधीच पूर्ण बांधले गेले नाही, ते कागदावरच राहिले. पण त्या कागदावरच्या यंत्राबद्दल बाईंनी दोन गोष्टी लिहून ठेवल्या. एक म्हणजे, स्वरांमधले संबंध गणिताच्या भाषेत मांडता आले तर हे यंत्र संगीतसुद्धा रचू शकेल. दुसरी म्हणजे, या यंत्राला स्वतःहून काही नवे निर्माण करण्याचा दावा नाही, आपण जे सांगू तेच ते करील. आज जे दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, त्या दोघांची बीजे एकाच बाईच्या टिपांत आहेत. पुढे १९५० साली अ‍ॅलन ट्युरिंग यांनी दुसऱ्या विधानाला ‘लेडी लव्हलेसचा आक्षेप’ असे नाव देऊन उत्तर दिले. पहिले विधान मात्र खरे व्हायला फार वेळ लागला नाही.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ‘इलियाक’ नावाचा खोलीभर संगणक होता. लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅक्सन या दोघांनी त्याच्याकडून चार तंतुवाद्यांसाठी एक रचना करवून घेतली. ‘इलियाक सूट’ म्हणून ती १९५७ साली पुरी झाली. पद्धत साधी होती. यंत्राने आकड्यांचा फासा टाकायचा, पडेल तो स्वर जुन्या युरोपीय नियमांच्या चाळणीतून गाळायचा, नियमात बसला तर ठेवायचा, नाही तर पुन्हा फासा. हिलर मूळचे रसायनशास्त्रज्ञ. रेणूंच्या अभ्यासात जी युक्ती वापरली, तीच त्यांनी स्वरांना लावली. रचना ऐकायला ठीक आहे, आम्हांला तरी ती परीक्षेच्या पेपरासारखी वाटते, चुका नाहीत आणि ओढही नाही. पण इतिहासात तिची जागा पक्की आहे.

खरी गंमत पुढच्या माणसापासून सुरू होते, आणि त्याच्याजवळ आपण आज जरा जास्त वेळ थांबणार आहोत.

हॅरॉल्ड कोहेन. जन्म १९२८, लंडनचा. हा माणूस चित्रकार होता, आणि नाव मिळवलेला चित्रकार होता. १९६६ च्या व्हेनिस बिएनालेत त्याने ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले. अशा माणसाने काय करायला हवे होते? तीच शैली पुढे तीस वर्षे चालवून विकत बसायला हवे होते, नाही का? १९६८ साली तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत शिकवायला गेला आणि तिथे चाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकला. पुढे स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत राहिला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एक प्रोग्रॅम लिहायला घेतला, त्याचे नाव ‘आरॉन’. तो प्रोग्रॅम लिहिणे त्याने २०१६ मध्ये मरेपर्यंत थांबवले नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षे एकच काम!

कोहेनला पडलेला प्रश्न तत्त्वज्ञानाचा होता, संगणकाचा नव्हे. कागदावरच्या काही रेघांकडे पाहून माणूस ‘हे चित्र आहे’ असे का म्हणतो? कमीत कमी काय असावे लागते? कॅलिफोर्नियातल्या खडकांवर आदिवासींनी कोरलेल्या आकृती त्याने पाहिल्या. ज्यांनी त्या कोरल्या त्यांची भाषा आपल्याला येत नाही, त्यांचे देव आपल्याला ठाऊक नाहीत, तरी त्या रेघा आपल्याशी काही बोलू पाहतात असे वाटते. का वाटते? त्याने हे वाटणे नियमांत उतरवायचा प्रयत्न केला. बंद आकृती आणि उघडी आकृती यांतला फरक. आत आणि बाहेर. एका आकृतीने दुसरीला जागा देणे. रेघ यंत्रासारखी सरळ जायची नाही, ती जाता जाता स्वतःला सुधारत, किंचित हेलकावत जायची, जशी आपल्या हातची जाते. एवढ्या सामग्रीवर आरॉन चित्रे काढू लागला. १९७७ साली जर्मनीत कासेल इथल्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात जमिनीवर पसरलेल्या कागदावर एक छोटी चाकांची गाडी लेखणी घेऊन फिरत होती आणि लोक कडेला उभे राहून पाहत होते.

ऐंशीच्या दशकात आरॉनच्या चित्रांत माणसे आली, झाडे आली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आरॉनला कोणी फोटो दाखवलेले नव्हते. आजची यंत्रे चित्रे पाहून पाहून शिकतात, आरॉनने एकही चित्र पाहिलेले नव्हते. त्याला डोळाच नव्हता. हात खांद्याला कुठे जोडलेला असतो, कोपर किती वाकते, फांदी खोडातून कशी फुटते, हे सारे कोहेनने शब्दांनी म्हणजे कोडने सांगितलेले. एखाद्या जन्मांधाला पत्राने चित्रकला शिकवावी तसे. आणि रंग? रंग शिकवणे कोहेनला अनेक वर्षे जमेना. यंत्राने रेघ काढायची आणि रंग कोहेनने स्वतःच्या हाताने भरायचा असे चालले. नव्वदच्या दशकात यंत्र रंगही भरू लागले, १९९५ साली बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात ते लोकांसमोर रंगवून दाखवत होते. आणि गंमत अशी की हे साधल्यावर काही वर्षांनी कोहेनने रंगवणारे यंत्र बाजूला ठेवले. आयुष्याच्या अखेरीला तो आरॉनची रेघ मोठ्या स्पर्शपडद्यावर घ्यायचा आणि आपल्या बोटाने तिच्यात रंग भरत बसायचा.

ज्याने यंत्राला सगळे शिकवले, तो शेवटी रंगाचा वाटा परत आपल्याकडे का घेतो? आमचे उत्तर असे की त्याला निकाल नको होता, संवाद हवा होता. यंत्र सगळे करू लागले तेव्हा त्याच्याशी बोलायला काही उरले नाही. चित्र होत होते, पण ‘हे असे का?’ असे विचारायला आणि त्याचे उत्तर द्यायला कोणी नव्हते. हा ‘का?’ आपण हाताशी ठेवू, त्याची गरज पुन्हा पडणार आहे.

आता दुसरे टोक पाहू. डेव्हिड कोप हे अमेरिकन संगीतकार. १९८१ च्या सुमारास त्यांची स्वतःची एक रचना अडली, म्हणून त्यांनी मदतीला प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्या प्रोग्रॅमला ते ‘एमी’ म्हणत. एखाद्या जुन्या संगीतकाराच्या रचनांचे तुकडे करायचे, त्यातली वळणे ओळखायची आणि त्याच वळणाची नवी रचना बांधायची. जेवणाच्या सुट्टीइतक्या वेळात एमीने बाखच्या शैलीत पाच हजार रचना करून ठेवल्या! १९९७ साली ऑरेगन विद्यापीठात एक परीक्षा झाली. श्रोत्यांपुढे तीन रचना वाजवल्या. एक खऱ्या बाखची, एक एमीने बाखच्या थाटात केलेली, एक तिथल्याच स्टीव्ह लार्सन या प्राध्यापकांनी त्याच थाटात केलेली. श्रोत्यांनी कौल दिला: एमीची रचना खऱ्या बाखची, आणि लार्सन यांची रचना यंत्राची! लार्सन यांना काय वाटले असेल याची कल्पना करा. डग्लस हॉफ्स्टॅटरसारखा बुद्धिमान माणूसही या एमीमुळे अस्वस्थ झाला आणि त्याने ते लिहून ठेवले आहे.

इथे एक वळण आहे. एमी जिंकली, मग कोप यांचा जयजयकार झाला असेल? झाला नाही. वादक त्या रचना वाजवायला फारसे उत्सुक नसत. पाच हजार आहेत, उद्या आणखी पाच हजार होतील, मग आज हीच का वाजवायची? पुढे कोप यांनी एमीचा साठा स्वतः पुसून टाकला. त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट फार खोल आहे. बाख मेलेला आहे, म्हणून त्याची रचना मोजकी आहे. जो मरत नाही, थकत नाही, ज्याला एक लिहिताना दुसरे सोडावे लागत नाही, त्याच्या लिहिण्याला वजन येत नाही.

आता आपल्या रसशास्त्राकडे येऊ, कारण तुमच्यापैकी काही जणांच्या मनात आक्षेप तयार झाला असणार. रस असतो कुठे? भट्ट लोल्लट म्हणतात, मूळ पात्रात, रामात. शंकुक म्हणतात, नटावरून अनुमानाने कळतो, चित्रातला घोडा पाहून आपण ‘घोडा’ म्हणतो तसा. अभिनवगुप्तांपर्यंत येता येता रस प्रेक्षकाच्या, सहृदयाच्या हृदयात येऊन बसतो. मग बनवणारा कोण याची चौकशी कशाला? डोळ्यांत पाणी आले ना, संपले. हा आक्षेप भक्कम आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. आमच्या मते मात्र त्यात अभिनवगुप्त अर्धेच वाचलेले आहेत. ‘लोचना’च्या आरंभीच्याच श्लोकात ते सरस्वतीचे तत्त्व कवी आणि सहृदय अशा दोघांना मिळून मानतात. एकट्या सहृदयाला नाही. सहृदय म्हणजे तरी काय? ज्याचे हृदय कोणाच्या तरी हृदयासारखे आहे तो. समोरच्या टोकाला हृदय नसेल तर ‘स’ कोणाबरोबर?

हे अवघड वाटत असेल तर लग्नाच्या मांडवात चला. आपल्याकडे मंगलाष्टके घरचे कोणी तरी रचते. बहुधा एखादी मावशी, नाही तर काका. शार्दूलविक्रीडित वृत्त, एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. मावशीचा यती तेराव्यावर पडतो, वराच्या आडनावासाठी एक गुरू ओढूनताणून लघू होतो, आणि कन्येच्या आजोबांचे नाव काही केल्या बसत नाही म्हणून ते ‘आजोबा’ एवढेच राहते. तरी मावशी माइकवर उभी राहते, आवाज कापतो आणि नवऱ्या मुलीची आई पदराने डोळे पुसते. आता तेच काम फोनवर अर्ध्या मिनिटात होते. वृत्तात आज चुकत असेल, उद्या चुकणार नाही. ते मंगलाष्टक वाचले गेले आणि त्याच आईचे डोळे भरून आले, तर ते अश्रू खोटे का? मुळीच नाही, तुळईपुढे हात जोडणाऱ्या आजीइतकेच ते खरे आहेत. पण मावशीच्या अष्टकाला विचारता येते, ‘अगं, हा आंब्याच्या झाडाचा उल्लेख कशाला?’ आणि मावशी सांगेल की ती सहा वर्षांची असताना त्या झाडावरून पडली होती आणि मीच तिला उचलून आणलं होतं. फोनवरच्या अष्टकातही आंब्याचे झाड असू शकते. तिथे विचारलेला ‘का?’ कुठे जाऊन पोचत नाही. आमच्या दृष्टीने शब्दाचा अर्थ दोन थरांचा आहे. शब्द काय सांगतात, हा एक. कोण कोणाला सांगतो आहे, हा दुसरा. पहिल्या थरात यंत्र आता पास आहे, उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. दुसऱ्या थरात ते नापास झाले असेही आम्ही म्हणत नाही. तिथे ते परीक्षेला बसलेलेच नाही.

मग यंत्र वापरून केलेली कोणतीच गोष्ट कला नाही का? तसे कोणी आमच्या तोंडी घालू नये. १८८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच वाद छायाचित्राबद्दल आला होता. ऑस्कर वाइल्डचे एक छायाचित्र. प्रतिवादी म्हणत होते की चित्र कॅमेऱ्याने काढले, छायाचित्रकाराने काय केले? न्यायालयाने पाहिले की बसवले कोणी, पोशाख, पडदे, उजेड ठरवला कोणी. नेपोलियन सॅरोनी या छायाचित्रकाराचा हक्क मान्य झाला. आपल्या भारतीय कॉपीराइट कायद्यात तर १९९४ च्या दुरुस्तीनेच संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता कोण ते सांगून ठेवले आहे: ती कृती ज्याने घडवून आणली ती व्यक्ती. तीस वर्षांपूर्वी आपल्या संसदेने हे लिहिले, याची आज वाद घालणाऱ्या अनेकांना वार्ताही नाही! पण ‘घडवून आणणे’ म्हणजे किती? कोहेनने पंचेचाळीस वर्षे घडवून आणले. अर्ध्या मिनिटात बटण दाबणाऱ्यानेही घडवूनच आणले. कायद्याला मालक ठरवायचा असतो, तेवढ्यावर त्याचे भागते. आपले भागत नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीज या लिलावगृहात ‘एडमंड दे बेलामी’ नावाचे यंत्राने केलेले एक व्यक्तिचित्र विकले गेले. अंदाज होता सात ते दहा हजार डॉलरचा, किंमत आली ४,३२,५०० डॉलर. पॅरिसच्या तीन तरुणांच्या गटाने ते काढवून छापले होते आणि कोडचा बराच भाग दुसऱ्याच एका कोवळ्या वयाच्या मुलाने खुला ठेवलेला होता. या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, चित्रकार सही करतो तिथे, गणिताचे एक सूत्र लिहिले आहे. म्हणजे सही सूत्राची, पैसे माणसांचे. चित्र चांगले की वाईट हे सोडा, आम्हांला ती सहीच सगळ्यात बोलकी वाटते.

सहीचे नाव निघाले की मराठी माणसाला अभंगाची नाममुद्रा आठवल्याशिवाय राहत नाही. ‘तुका म्हणे’. अभंग संपता संपता कर्ता पुढे येऊन उभा राहतो आणि हे मी म्हणतो आहे, असे सांगतो. जाब विचारायचा तर मला विचारा. आणि तुकोबांना जाब विचारला गेला, वह्या बुडवण्याची पाळी आली, हा इतिहास आपल्या अंगात मुरलेला आहे. ‘म्हणे’ हे क्रियापद फुकटचे नाही.

पण इथे अभ्यासकांनी एक पाचर मारून ठेवलेली आहे आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असलेले सगळे अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांचे नाहीत. विष्णुदास नामा सोळाव्या शतकातला, इतरही नामे होऊन गेले, आणि त्यांच्या रचना एकाच गाथ्यात मिसळल्या. वारकरी मात्र ते सगळे अभंग तितक्याच प्रेमाने गातो. मग मुद्रेवर एवढा भार टाकायचा कसा? आम्ही यावर पुष्कळ विचार केला आहे. जो नामा मोठ्या नाम्यात विरून गेला, त्याने आपले नाव सोडले, जबाबदारी सोडली नाही. तो त्याच वाटेने चालला, त्याच विठ्ठलापुढे उभा राहिला, ते शब्द त्याच्यावरही तितकेच बंधनकारक होते. सूत्राची सही करणाऱ्यांनी नेमके उलटे केले. नाव यंत्राला दिले आणि चेक खिशात ठेवला. निनावीपणाचे हे दोन प्रकार एकाच तागडीत घालता येत नाहीत. येत्या काही वर्षांत यंत्राच्या मदतीने पुष्कळ अभंग होतील, नाटके होतील, आणि त्यांत काही फार चांगलीही असतील. कुणाकडून उमटले, हे पाहण्याआधी आम्ही एवढेच पाहू की त्याच्याखाली ‘म्हणे’ लिहायला कोणी माणूस तयार आहे का, आणि त्यासाठी त्याने काही टाकून दिले आहे का, काही सोसले आहे का.

शेवटी परत कोहेनकडे, कारण त्याचे प्रकरण अजून मिटलेले नाही. तो गमतीने म्हणत असे की मृत्यूनंतर नव्या चित्रांचे प्रदर्शन भरवणारा मी पहिला चित्रकार होईन. २०२४ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आरॉनचे प्रदर्शन भरले आणि तिथे लेखणीची यंत्रे प्रेक्षकांसमोर खरोखरच नव्या रेघा काढत होती. कोहेन जाऊन आठ वर्षे झाली होती. नियम सगळे त्याचे. त्या दिवशी निघालेली ती नेमकी रेघ त्याने कधी पाहिली नाही, ठेवली नाही, फाडलीही नाही. ते चित्र कोहेनचे, आरॉनचे, की लावणाऱ्या संग्रहालयाचे? आमचा कल असा की त्याला कोहेनचे म्हणावे, पण रंग न भरलेले. तुमच्यापैकी काहींना हे पटणार नाही असे चेहऱ्यांवरून दिसते आहे, तेव्हा आता माइक तुमच्याकडे देऊ.